३२५ गुणांची अट, बापाचा संघ आणि लेकाची नोकरी : आयोवाच्या अपयशाचं खापर कुणाच्या माथी?

आठपैकी सहा सामने जिंकलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला हंगाम अर्ध्यावर असताना नारळ दिला, असं सांगितलं तर इकडे कुणाचा विश्वास बसणार नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी नेमकं तेच घडलं. संघाच्या आक्रमणाची जबाबदारी असलेला प्रशिक्षक ब्रायन फेरेंट्झ हा हंगाम संपल्यावर परत येणार नाही, असं विद्यापीठाने जाहीर केलं. ही घोषणा मुख्य प्रशिक्षकाने केली नव्हती. ती केली क्रीडा विभागाच्या हंगामी संचालक बेथ गेट्झ यांनी. आणि मुख्य प्रशिक्षक कोण, तर ब्रायनचे वडील, कर्क फेरेंट्झ.

त्यानंतर आणखी एक पूर्ण हंगाम होऊन गेला, नवा माणूस आला, आकडे बदलले. आयोवात वाद मात्र अजून तोच आहे. दोष लेकाचा, बापाचा, की दोघांना अशा जागी बसवणाऱ्या विद्यापीठाचा?

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे मडगाव-म्हापशाचा किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांत ईर्ष्येने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळा हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याचा. तीन प्रयत्न वाया गेले की बहुतेक संघ चौथ्या वेळी चेंडू लाथेने लांब भिरकावून देतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आपल्या हद्दीपासून दूरवरून सुरुवात करावी लागते. त्याला पंट म्हणतात. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. खांबांमधून लाथ मारून पार केला तर तीन. आणि बचाव करणाऱ्यांनी समोरच्या चेंडूवाल्याला त्याच्याच गोलक्षेत्रात आडवा केला तर दोन, त्याला सेफ्टी म्हणतात. आक्रमणाची फळी वेगळी, बचावाची वेगळी, लाथ मारणारे तिसरेच. प्रत्येक फळीचा प्रशिक्षकही वेगळा.

आणि हे कॉलेजचे सामने म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसारखं काही असेल, असंही समजू नये. आयोवा राज्यात या खेळाचा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा संघ. आयोवा सिटीतलं किनिक स्टेडियम जवळपास सत्तर हजार लोकांचं आहे. कर्क फेरेंट्झ यांचा करार वर्षाला ७० लाख डॉलरचा, २०२९ पर्यंतचा. शिक्षणसंस्थेच्या पगारपत्रकावर असा आकडा कसा बसतो हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो इथे सोडून देऊ.

दहा विजय आणि २१६ गुण

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर आयोवा म्हणजे दीडशेत सर्वबाद होऊन समोरच्याला सव्वाशेत गुंडाळणारा संघ. २०२३ च्या नियमित हंगामात बारा सामन्यांत त्यांनी दहा जिंकले, बिग टेन या मातब्बर विद्यापीठांच्या साखळीतला आपला गटही जिंकला. आकडे बघा : विस्कॉन्सिनविरुद्ध १५-६, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध १०-७, रटगर्सविरुद्ध २२-०, इलिनॉयविरुद्ध १५-१३, नेब्रास्काविरुद्ध १३-१०. बारा सामन्यांत मिळवलेले गुण २१६, दिलेले १४६. मग साखळीच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून ०-२६ आणि १ जानेवारी २०२४ रोजी ऑरलँडोत टेनेसीकडून ०-३५. म्हणजे चौदा सामन्यांअखेर गुण तेच २१६, सरासरी १५.४. यार्डांच्या हिशेबात तर अमेरिकेतल्या वरच्या श्रेणीच्या सगळ्या, म्हणजे १३३ संघांत आयोवा शेवटचा.

त्याच वर्षी बचावाचे प्रशिक्षक फिल पार्कर यांना देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. आणि संघाचा सर्वांत लाडका खेळाडू कोण होता? पंट मारणारा टोरी टेलर, मेलबर्नहून आलेला ऑस्ट्रेलियन. एका हंगामात ९३ पंट आणि ४,४७९ यार्ड. १९३८ पासून टिकून असलेला विक्रम त्याने मोडला. ज्या संघाला चेंडू सर्वाधिक वेळा सोडून द्यावा लागतो त्याच्या लाथ मारणाऱ्याचा विक्रम होणार, हे ओघानंच आलं. पंट मारणं म्हणजेच जिंकणं, अशा अर्थाची वाक्यं छापलेले शर्ट घालून लोक मैदानात येत होते. त्यात कौतुकही होतं आणि चेष्टाही.

दुखणं एका वर्षाचं नव्हतं. २०२२ च्या पहिल्याच सामन्यात आयोवाने खालच्या श्रेणीतल्या साउथ डकोटा स्टेटला ७-३ ने हरवलं. ७ हा आकडा वाचून एक टचडाउन आणि वरचा एक गुण असं वाटेल. तसं नव्हतं. एक तीन गुणांची लाथ आणि दोन सेफ्टी. म्हणजे सातांपैकी चार गुण बचावाने मिळवले, आक्रमणाने टचडाउन एकही केलं नाही, तरी विजय. त्या हंगामात तेरा सामन्यांत २३० गुण झाले, यार्डांमध्ये १३१ संघांत १३० वा क्रमांक. शेवटी केंटकीला २१-० ने हरवलं, त्यातली दोन टचडाउन बचावपटूंनी समोरच्याचे पास अडवून केलेली.

करारातला आकडा

लोक चिडलेले होतेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तत्कालीन क्रीडा संचालक गॅरी बार्टा यांनी ब्रायनचा करार बदलला. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला आणि अट घातली : सामन्यामागे सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. तेरा सामने धरले तर २५ गुणिले १३ म्हणजे ३२५. जमलं तर करार पुढे, नाही तर घरी.

अशी अट मोठ्या खेळात क्वचितच कुणी जाहीरपणे घातली असेल. देशभरातल्या क्रीडा वाहिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात मोजणी सुरू केली. पहिल्या सामन्यात युटा स्टेटविरुद्ध २४ गुण झाले. सामना जिंकला, पण चर्चा कसली, तर एक गुण कमी पडल्याची.

या अटीत गोम अशी की गुण कुणी मिळवले याला महत्त्वच नव्हतं. बचावाने पास अडवून टचडाउन केलं तरी ते ब्रायनच्या खात्यात. मिशिगन स्टेटविरुद्ध कूपर डिजीनने पंट झेलून सत्तर यार्ड पळत टचडाउन केलं, तेही ब्रायनच्याच खात्यात. फलंदाजीच्या प्रशिक्षकाची नोकरी ठरवायची आणि त्यात वाइड, नो-बॉलही मोजायचे, असा तो प्रकार. इतकी सूट असूनही २१६ च झाले.

आता मुख्य प्रश्न. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे कुणी आपल्या नातेवाइकाचा साहेब होऊ शकत नाही. म्हणून कागदोपत्री ब्रायनचे वरिष्ठ होते क्रीडा संचालक बार्टा, कर्क नव्हेत. रोज सकाळी सरावाच्या मैदानावर कोण कुणाला विचारत होतं, हे सांगायला नको. साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था, कुठेही बघा, बाप चेअरमन आणि मुलगा पगारी अधिकारी असला की ठरावात एक नाव आणि प्रत्यक्षात दुसरं, हे सीमाभागातल्या वाचकाला नवीन नाही. आयोवातही घोडं पेंड खात होतं ते इथेच. ज्याच्या हातात खेळ होता त्याच्यावर अट नाही, आणि ज्याच्यावर अट होती त्याला खेळाची दिशा ठरवायचा पूर्ण अधिकार नाही.

बार्टा यांनी अट घालून चार महिने झाले नाहीत तोच निवृत्ती जाहीर केली आणि १ ऑगस्टला ते गेलेही. पहिला सामना तेव्हा महिनाभर दूर होता. निर्णयाची वेळ आली तेव्हा खुर्चीत हंगामी बाई होत्या. त्यांनी तो घेतला. कर्कना घोषणेची वेळ पटली नाही. हंगाम संपल्यावर बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. बाप म्हणून ते समजण्यासारखं आहे. मुख्य प्रशिक्षक म्हणून, आदल्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःच तो निर्णय का घेतला नाही, याला उत्तर नाही.

लेकाच्या बाजूने आणि विरोधात

ब्रायन म्हणजे निव्वळ बापाच्या जिवावर चढलेला माणूस, ही समजूत काही खरी नाही. २००८ ते २०११ तो व्यावसायिक फुटबॉलमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे होता, त्यांच्या सुवर्णकाळात. २०१७ मध्ये आयोवाच्या आक्रमणाची सूत्रं हाती आली तेव्हा पहिल्याच वर्षी आयोवाने बलाढ्य ओहायो स्टेटला ५५-२४ असं धुतलं. टाइट एंड या जागेवर खेळणारी त्याच्या हाताखालची दोन मुलं, हॉकन्सन आणि फँट, २०१९ मध्ये व्यावसायिक निवडीच्या पहिल्याच फेरीत गेली. एकाच विद्यापीठाचे दोन टाइट एंड एकाच वर्षी पहिल्या फेरीत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. सॅम लापोर्टा २०२२ पर्यंत आयोवातच होता. पुढच्या वर्षी डेट्रॉइटकडून खेळताना या जागेवरच्या नवख्याने झेललेल्या पासांचा विक्रम त्याने केला.

पण हा शेवटचा मुद्दा ब्रायनवर उलटतोही. लापोर्टासारखा खेळाडू हाताशी असताना २०२२ मध्ये संघ तळाला होता. चार्ली जोन्सचं उदाहरण तर सरळ आरोपपत्रासारखं आहे. २०२१ मध्ये आयोवाकडून त्याने २१ पास झेलले, ३२३ यार्ड केले. कंटाळून तो पर्ड्यू विद्यापीठात गेला. तिथे एका हंगामात ११० पास, १,३६१ यार्ड. मुलगा तोच. आयोवाने त्या वर्षी पर्ड्यूला २४-३ ने हरवलं हे खरं, पण आयोवा अखेरीस नेब्रास्काकडून हरला आणि गट पर्ड्यूने जिंकला.

शिवाय २०२२ पासून क्वार्टरबॅकना, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या कर्त्या खेळाडूंना शिकवण्याचं कामही ब्रायनने स्वतःकडे घेतलं होतं. फेक बिघडली तर बोट दुसऱ्या कुणाकडे दाखवायची सोय उरली नव्हती.

नशिबानेही साथ दिली नाही. २०२३ साठी मिशिगनहून नामवंत क्वार्टरबॅक केड मॅकनमारा आणला, सप्टेंबरच्या शेवटी त्याचा गुडघा गेला. ल्यूक लाची आणि एरिक ऑल हे दोन टाइट एंड त्याच्या आगेमागे जखमी झाले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मॅकनमाराच्या जागी उतरलेल्या मुलाचे निम्म्याहून जास्त पास वाया गेले. किनिकवर हुर्यो उडाली ती त्याला ऐकावी लागली. या सगळ्या हिशेबात सर्वांत कमी दोष त्याचा. दुसऱ्या पसंतीचा विद्यार्थी-खेळाडू, त्याला तयार करणं ज्यांचं काम त्यांनी ते केलं नाही.

२१ ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध १०-१२ असा पराभव झाला. शेवटच्या दोन मिनिटांत डिजीनने पंट झेलून टचडाउन केलं होतं. पंचांनी ते रद्द केलं, झेलण्याआधी हाताचा इशारा चुकीचा झाला म्हणून. आठवडाभर लोक पंचांना शिव्या घालत बसले. आक्रमणाने अख्ख्या सामन्यात मिळून १२७ यार्ड केले होते, यावर फारसं कुणी बोललं नाही. नऊ दिवसांनी ब्रायनचा निकाल लागला.

बापाची पद्धत

ब्रायन जबाबदार होण्याच्या कितीतरी आधीपासून आयोवा असाच खेळत होता. २३ ऑक्टोबर २००४ ला पेन स्टेटविरुद्धचा सामना आयोवाने ६-४ असा जिंकला. फुटबॉलमध्ये ६-४! आघाडी ६-२ अशी असताना कर्क यांनी मुद्दाम सेफ्टी घेतली, समोरच्याला दोन गुण स्वतःहून देऊन टाकले, कारण चेंडू आपल्या गोलजवळ अडकण्यापेक्षा तो लांब भिरकावून बचावावर भरवसा ठेवणं त्यांना जास्त सुरक्षित वाटलं. बरोबरच ठरलं. ब्रायन तेव्हा याच विद्यापीठात खेळत होता. म्हणजे हे तत्त्वज्ञान त्याने शोधलेलं नाही, तो त्यात वाढला.

चेंडू गमावू नका, धोका पत्करू नका, लांब पंट मारा, समोरच्याला चूक करू द्या, तीन-तीन गुण गोळा करा. १९९९ पासून कर्क यांनी हेच केलं आणि कमी लोकसंख्येच्या राज्यात, मोठ्या विद्यापीठांच्या सावलीत, वर्षानुवर्षं संघ जिंकता ठेवला. २०२३ मध्येही ते दहा वेळा जिंकले. मग त्याच पद्धतीकडून सामन्यामागे २५ गुण मागणं म्हणजे वरण-भाताच्या खानावळीत बिर्याणी मागण्यासारखं. ज्याला बिर्याणी हवी त्याने मालकाशी बोलावं, आचाऱ्याचा पगार कापून काय होणार?

पण मालक तरी किती निर्दोष? ही पद्धत मधल्या फळीतल्या संघांविरुद्ध चालते. मिशिगन आणि टेनेसीसमोर बचाव एकदा फुटला की परत येण्याचं साधनच संघाकडे नव्हतं. दोन सामन्यांत ६१ गुण दिले, मिळवला एकही नाही.

नव्या माणसाची परीक्षा

जानेवारी २०२४ मध्ये टिम लेस्टर आले. पूर्वी वेस्टर्न मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक, फेरेंट्झ घराण्याशी नातं नाही. आक्रमणाच्या पुढच्या फळीतले धिप्पाड गडी बहुतेक तेच, मुख्य प्रशिक्षक तेच. बदलला तो एकच माणूस. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याची इतकी स्वच्छ परीक्षा खेळात सहसा मिळत नाही.

तेरा सामने झाले. गुण झाले ३६०. ब्रायनच्या करारातला ३२५ चा आकडा लेस्टर यांनी ३५ गुण राखून पार केला, त्यांच्यावर तशी अट नसताना. चेंडू घेऊन धावणारा केलेब जॉन्सन आदल्या वर्षी पाचशे यार्डांच्या आत होता, काही दुखापतीमुळेही. २०२४ मध्ये त्याने १,५३७ यार्ड आणि धावून २१ टचडाउन केले. धावण्याच्या खेळाची मांडणी बदलली, तीच माणसं मोकळी झाली. इथे ब्रायनची बाजू घेणाऱ्यांना गप्प बसावं लागतं. हा दोष त्याचाच होता, आणि मोठा होता.

फेकण्याच्या खेळाचं मात्र रडगाणं तेच. सामन्यामागे १३० यार्डांच्या आसपास, देशात तळाच्या मोजक्या संघांत. मॅकनमारा परतला पण पूर्वीचा राहिला नाही. तो पुन्हा जायबंदी झाल्यावर दुसरा आला, मग तिसरा. इथे दोष ब्रायनवर टाकता येत नाही, तो तेव्हा दुसऱ्या विद्यापीठात काम करत होता. क्वार्टरबॅक आणि लांब पळणारे झेलणारे या पद्धतीकडे येत नाहीत, आले तर टिकत नाहीत, हे दुखणं मुळाशी आहे. तिथे वर्षानुवर्षं एकच माणूस बसलेला आहे.

आणि विजय? ३६० गुणांच्या हंगामात आठ. २१६ गुणांच्या हंगामात दहा. किनिकवरच्या जुन्या प्रेक्षकांना हा हिशेब पाठ आहे, कर्कची बाजू घेणारे तोच तोंडावर फेकतात. उलट बाजूचे विचारतात की असा बचाव आणि असा टोरी टेलर दर वर्षी मिळणार आहे का. दोन्ही बोलणी खरी आहेत, म्हणून वाद मिटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आयोवाने पुढच्या हंगामासाठी नवा क्वार्टरबॅक आणला, मार्क ग्रोनोव्स्की. खालच्या श्रेणीत संघाला दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देऊन तो आला. त्याचा आधीचा संघ साउथ डकोटा स्टेट. २०२२ च्या त्या ७-३ च्या दुपारी किनिकवर समोरच्या बाजूने चेंडू फेकत होता तो हाच.